पापळचे भाऊसाहेब आणि वऱ्हाडचे बियाणे

वऱ्हाडात २७ डिसेंबर हा दिवस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या जयंतीचा. अमरावतीतील शाळा-महाविद्यालयांत त्यांच्या प्रतिमेला हार घातले जातात आणि अकोल्यातील कृषी विद्यापीठात शेतकऱ्यांची वर्दळ असते. भाऊसाहेब या घरगुती नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पुरुषाची आठवण शिक्षणमहर्षी आणि देशाचे कृषिमंत्री म्हणून काढली जाते. त्यात अतिशयोक्ती नाही. मात्र त्यांच्या आयुष्याला आणखी एक पदर आहे. पिढ्यान्पिढ्या घरात राखलेले बियाणे वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या हातून निसटत होते, त्याच काळात भाऊसाहेब जन्मले, वाढले आणि सत्तेच्या पदांपर्यंत पोहोचले.

जनुकीय संपदा, जैवविविधता हे शब्द त्यांच्या हयातीत मराठीत रुळलेले नव्हते. देशी वाणांचे जतन ही त्यांच्या राजकारणाची घोषणाही नव्हती. तरीही बियाणे गावात टिकायचे असेल तर ते राखणारा माणूस कर्जातून मोकळा, शिकलेला आणि संघटित असावा लागतो. या तिन्ही गोष्टींसाठी भाऊसाहेबांनी आयुष्य वेचले. म्हणूनच आज देशी बियाण्यांची चर्चा सुरू असताना त्यांचे चरित्र नव्याने वाचावेसे वाटते.

बनी, जरी आणि घरचा रेचा

भाऊसाहेबांच्या जन्मापूर्वीचा वऱ्हाड समजून घेतल्याशिवाय त्यांचे कार्य उलगडत नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्यांचे लक्ष वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळले. पाठोपाठ रेल्वे आली. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः हजर राहिले. अमरावतीच्या उमरावती या जुन्या नावावरून वऱ्हाडी कापसाला परदेशी बाजारात ‘उमरा’ हे नाव पडले.

या व्यापाराने पैसा आणला, तसा एक तोटाही आणला. त्या काळी वऱ्हाडात कापसाच्या दोन मुख्य जाती होत्या. ‘बनी’ लांब आणि मऊ धाग्याची, तर ‘जरी’ आखूड आणि भरड धाग्याची. जरीचे उत्पन्न जास्त येई. चांगल्या धाग्याला वेगळा भाव मिळेनासा झाला, तसतसा शेतकरी जरीकडे वळला. काही दशकांतच एकेकाळची नावाजलेली बनी मागे पडली.

दुसरा धक्का वाफेवर चालणाऱ्या जिनिंग कारखान्यांनी दिला. त्यापूर्वी घरोघरी हाताच्या रेच्यावर कापूस पिंजण्याआधी सरकी वेगळी केली जात असे आणि घरची सरकी घरातच राहात असे. चांगल्या झाडाची बोंडे निवडून ती सरकी पुढच्या पेरणीसाठी बाजूला ठेवणे हा नेहमीचा रिवाज होता. कारखान्यात मात्र शेकडो शेतांचा कापूस एकाच ढिगात पडला आणि बाहेर आलेली सरकीही सरमिसळ होऊन निघाली. शेतकरी पेरणीसाठी तीच सरकी विकत घेऊ लागला. अशा रीतीने बियाण्याची ओळख पुसली गेली.

कापसाबाहेर जुनी रीत बराच काळ टिकली. ज्वारीची टपोरी कणसे उभ्या पिकातच हेरून ठेवली जात आणि कापणीनंतर घरात टांगली जात. तूर, मूग, हरभऱ्याचे बियाणे राख लावून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत किंवा मडक्यात राखले जाई. हे काम मुख्यतः बायकांचे. कोणत्या दाण्याला कीड लागते, कोणती ज्वारी हुरड्याला गोड आणि कोणती भाकरीला चांगली, कोणता वाण पाऊस उशिरा आला तरी तग धरतो, हे ज्ञान कुठे लिहिलेले नव्हते. ते सासूकडून सुनेकडे जात होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणी खारट आणि शेती पावसावरच अवलंबून, तिथे हे ज्ञानच शेतकऱ्याचे भांडवल होते. मेळघाटात कोरकू कुटुंबे डोंगरउतारावर कुटकी, कोदो, सावा यांसारखी धान्ये याच पद्धतीने राखत आली.

कर्ज काढून घेतलेले शिक्षण

अशा वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी पंजाबरावांचा जन्म झाला. वडील शामराव, आई राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखीमुळे देशमुख हे नाव रूढ झाले. प्राथमिक शिक्षण पापळला, पुढचे चांदूर रेल्वे आणि कारंजा लाड येथे, नंतर अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात काही काळ शिकल्यावर १९२० मध्ये ते विलायतेला गेले. शेतकरी कुटुंबाला हा खर्च झेपणारा नव्हता. वडिलांनी कर्ज काढून मुलाला पाठवले. कर्ज म्हणजे काय, याचा धडा पंजाबरावांना पुस्तकाआधी घरातच मिळाला होता.

विलायतेत त्यांनी बॅरिस्टरची पदवी मिळवली, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेटही संपादन केली. हा प्रबंध १९३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९२६ मध्ये ते मायदेशी परतले. एवढ्या पदव्या घेतलेल्या माणसाला मोठ्या शहरात नाव आणि पैसा सहज मिळाला असता. त्यांनी मात्र अमरावतीत वकिली सुरू केली आणि लवकरच सार्वजनिक कामात उडी घेतली.

१९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या चळवळीत ते अग्रभागी होते. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. घरात आणि समाजात विरोध झाला, तो त्यांनी सोसला. विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या. १९२८ मध्ये पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचे, प्राथमिक शिक्षण गावोगावी पोहोचविण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

सवाई-दिढीचा फास

१९३० मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे होती. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते. कापूस विकून सारा भरणेही कठीण झाले होते. सावकाराच्या वहीत वाढत जाणारा आकडा आणि त्यापोटी जाणारी जमीन हे वऱ्हाडातील गावोगावचे चित्र होते.

इथेच कर्जाचा आणि बियाण्याचा संबंध स्पष्ट होतो. कर्जात बुडालेल्या घरात सुगीचे धान्य खळ्यावरूनच सावकाराकडे जाई. बियाण्यासाठी निवडलेली कणसेही त्यातून सुटत नसत. मृगाचा पाऊस पडला की तोच शेतकरी सावकाराच्या दारात बी मागायला उभा राही आणि ते सवाई-दिढीने मिळे. म्हणजे एक मण घेतले तर सुगीला सव्वा किंवा दीड मण परत करायचे. हे बी कोणत्या शेतातले, कोणत्या वाणाचे, याची विचारणा करण्याची सोय नव्हती. घरचे बियाणे मोडले की त्याच्यासोबत ते ओळखण्याचे, निवडण्याचे ज्ञानही दुसऱ्या पिढीत विसरले जाते.

भाऊसाहेबांनी कर्ज लवादाच्या कायद्यासाठी पुढाकार घेतला. १९३३ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात हा कायदा झाला. धनको आणि ऋणको यांना लवाद मंडळासमोर बसवून कर्जाची रक्कम ठरवणे आणि हप्ते बांधून देणे, असे त्याचे स्वरूप होते. सावकारांनी नाराजी धरली, पण हजारो कुटुंबांची जमीन त्यामुळे सुटण्याचा मार्ग मोकळा झाला. या कायद्याच्या मसुद्यात बियाण्याचा विचार नव्हता. तरी कर्ज आटोक्यात आले तरच घरात पुढच्या पेरणीचे बी शिल्लक राहते, हे कोणत्याही शेतकरी स्त्रीला सांगावे लागले नसते.

शाळा, वसतिगृहे आणि शेतकऱ्यांची मुले

१९३२ च्या सुमारास अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. शेतकऱ्यांच्या, बहुजनांच्या मुलांना शाळेपर्यंत आणणे आणि त्यांना राहण्या-जेवण्याची सोय करून देणे, हा तिचा हेतू होता. त्यापूर्वीच सुरू केलेल्या श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींची मुले एकत्र राहात. पुढे या संस्थेचा विस्तार वऱ्हाडभर झाला. कला, विज्ञानाबरोबरच कृषी आणि वैद्यकीय महाविद्यालयेही तिने चालविली.

या शिक्षणाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. शिकलेली मुले गाव सोडून गेली आणि शेतातील पारंपरिक ज्ञान पुढे नेणारे हात कमी झाले. ही केवळ वऱ्हाडचीच स्थिती नव्हे. मात्र शेतीचे शास्त्र शिकून पुन्हा शेताच्या बांधावर उभी राहिलेली पिढीही याच शाळांतून निघाली. पुढे कृषी विद्यापीठातील संशोधनाला मनुष्यबळ मिळाले ते अशाच घरांतून.

दिल्लीतील दहा वर्षे

भाऊसाहेब घटना समितीचे सदस्य झाले. ग्रामीण आणि मागास समाजाच्या प्रतिनिधित्वाचा आग्रह त्यांनी तिथे धरला. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत ते लोकसभेवर निवडून गेले. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात शेतीचा कारभार त्यांच्याकडे होता. देशासमोर अन्नटंचाईचे संकट होते आणि परदेशातून धान्य आणावे लागत होते. जास्त धान्य पिकविणे हा सरकारचा पहिला अग्रक्रम होता.

याच काळात भातशेतीच्या जपानी पद्धतीची मोहीम देशभर राबविली गेली. मिठाच्या पाण्यात बियाणे टाकून तरंगणारे हलके दाणे काढून टाकणे, गादीवाफ्यावर रोपे तयार करणे, ओळीत लावणी करणे आणि वेळच्या वेळी निंदणी व खत देणे, असे तिचे टप्पे होते. तिचा आरंभ बियाण्याच्या निवडीपासून होत असे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सुपात पाखडून भरदार दाणा वेगळा करणाऱ्या वऱ्हाडी बाईला यातील तत्त्व परके वाटण्याचे कारण नव्हते.

१९५५ मध्ये भाऊसाहेबांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. कामगारांच्या संघटना आहेत, व्यापाऱ्यांची मंडळे आहेत, पण शेतकऱ्याचा आवाज दिल्लीत पोहोचविणारी देशव्यापी संस्था नाही, ही उणीव त्यांना जाणवत होती. समाजाच्या वतीने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. डिसेंबर १९५९ मध्ये त्याच्या प्रारंभाला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर उपस्थित होते. अनेक देशांनी आपली दालने उभारली. खेड्यातून आलेल्या शेतकऱ्यांना जगाची शेती एका मैदानात पाहता आली.

प्रदर्शनाइतकी गाजली नाही, पण दूरगामी परिणाम करणारी एक घटना त्याच दशकात घडली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत परदेशातून वाण आणण्याचे आणि देशातील स्थानिक वाण गोळा करण्याचे काम १९४६ पासून लहान प्रमाणात सुरू होते. १९५६ मध्ये त्याचा विस्तार झाला आणि १९६१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग निर्माण झाला. डॉ. बी. पी. पाल आणि हरभजन सिंग यांसारख्या शास्त्रज्ञांचे हे श्रेय आहे. हे काम आकाराला आले, तेव्हा कृषी खात्याची सूत्रे पापळच्या या शेतकरीपुत्राकडे होती. याच विभागातून १९७६-७७ मध्ये राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरो उभा राहिला.

गोळा केलेले वाण सुरक्षित झाले. मात्र ते ज्या शेतकऱ्याने पिढ्यान्पिढ्या निवडून घडविले, त्याचा त्यावर काही हक्क आहे, असे मानणारी तरतूद त्या काळच्या कायद्यात नव्हती. अन्नटंचाईच्या धाकात हा प्रश्न कुणाला सुचलाही नाही. भाऊसाहेबांच्या कारकिर्दीची ही मर्यादा म्हणावी लागेल. ती त्यांच्या एकट्याची नव्हती, सबंध काळाची होती.

त्यांच्या नावाने, त्यांच्या पश्चात

१९६२ मध्ये त्यांचे मंत्रिपद गेले. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते लोकसभेत अमरावतीचे प्रतिनिधी होते. त्यांच्या अखेरच्या वर्षांतच शेतीने नवे वळण घेतले. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले, १९६४ मध्ये ज्वारीचा पहिला संकरित वाण सीएसएच-१ आला आणि १९६६ मध्ये बियाणे कायदा झाला. संकरित ज्वारीने उत्पन्न वाढविले. पण तिचे ताट बुटके, कडबा कमी, आणि कापणीच्या तोंडावर पाऊस आला तर दाणा काळा पडायचा. जनावरे सांभाळणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा हिशेब जड गेला.

विदर्भाला स्वतंत्र कृषी विद्यापीठ मिळावे, ही मागणी भाऊसाहेबांच्या मृत्यूनंतर तीव्र झाली. १९६७ मध्ये अकोल्यात आंदोलन पेटले, गोळीबार झाला आणि माणसांचे प्राण गेले. अखेर २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात विद्यापीठ स्थापन झाले. त्याला भाऊसाहेबांचेच नाव मिळाले. १९७६ मध्ये महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज, याचे मुख्यालयही अकोल्यातच आले. राष्ट्रीय पादप ब्युरोचे प्रादेशिक केंद्रही याच शहरात आहे. बियाणे घडविणारी, विकणारी आणि राखणारी अशा तीन संस्था एका शहरात असण्याचा योग क्वचितच येतो.

कृषी विद्यापीठाने देशी कापसावर काम चालू ठेवले. एकेए-५, एकेए-७, एकेए-८ यांसारखे सरळ वाण तिथून निघाले. देशी कापसाचे मूळ खोल जाते, पाण्याचा ताण तो सोसतो आणि रसशोषक किडींना सहसा दाद देत नाही. शिवाय सरळ वाणाचे बियाणे शेतकऱ्याला पुढील वर्षी पुन्हा पेरता येते. त्यासाठी शेताच्या कडेची झाडे सोडून मधल्या भागातील निरोगी झाडांची बोंडे निवडावी लागतात, कारण मधमाश्यांमुळे शेजारच्या वाणाचे परागकण येऊन बियाणे भेसळ होते. शास्त्रज्ञ हेच सांगतात आणि जुना शेतकरीही हेच करीत असे.

पण बाजार दुसऱ्या दिशेला गेला. १९७० मध्ये सुरतेला एच-४ हा संकरित कापूस तयार झाला आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढील दहा वर्षांत वऱ्हाडातील जवळजवळ सारे कापसाचे क्षेत्र बीटी संकरित वाणांखाली आले. सुरुवातीला बोंडअळीपासून दिलासा मिळाला, फवारणीचा खर्च वाचला. मात्र संकरित वाणाचे घरचे बी पेरले तर पुढील पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत, त्यामुळे दर हंगामात पाकीट विकत घेणे भाग पडते. गुलाबी बोंडअळीने बीटीला न जुमानण्याची क्षमता मिळविली आणि २०१७ मध्ये विदर्भात तिने मोठे नुकसान केले.

पाकीट बरेचदा कृषी केंद्रातून उधारीवर येते. सुगीला कापूस विकून ती उधारी फेडायची. भाव पडले किंवा पाऊस रुसला की हिशेब बिघडतो. पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांची कारणे अनेक आहेत, एकट्या बियाण्यावर त्यांचे खापर फोडणे योग्य होणार नाही. २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी केंद्राला विशेष पॅकेज जाहीर करावे लागले, त्यांत अमरावती आणि अकोला ही दोन्ही नावे होती. १९३० च्या दशकात सावकाराच्या दारात सवाई-दिढीने बी मागणारा शेतकरी आणि उधारीच्या पाकिटासाठी दुकानात उभा राहणारा त्याचा नातू, यांच्यातील अंतर वाटते तितके मोठे नाही.

हक्क मिळाला, पुढे काय?

भाऊसाहेबांच्या काळात नसलेली एक गोष्ट आज आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि नाममुद्रा न लावता विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. आपला पारंपरिक वाण स्वतःच्या नावाने नोंदविण्याची सोयही त्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूद केली. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोष प्रकल्पाला मान्यता दिली. पिकांच्या देशी वाणांबरोबर स्थानिक पशुधनाचे जतनही त्याच्या कक्षेत आहे. पूर्णाकाठच्या पूर्णाथडी म्हशीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, हेही याच वाटेवरचे पाऊल म्हणता येईल.

अडचण कागद आणि शेत यांच्यामधली आहे. शीतगृहात ठेवलेले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते, पण ते हवामानाबरोबर बदलत नाही. बदलत्या पावसाशी जुळवून घेणारे बियाणे दरसाल शेतातच घडते. ते कधी पेरावे, कशाबरोबर पेरावे, कणगीत कसे ठेवावे, हे ज्ञान शीतगृहात साठवता येत नाही. ते माणसांजवळ असते आणि खारपाणपट्ट्यातील, मेळघाटातील ज्या वृद्ध स्त्रियांजवळ ते आहे, त्यांच्यानंतर ते कोण सांभाळणार, हा प्रश्न खरा आहे. देशी वाण राखणाऱ्याला त्याचा भाव मिळाला नाही, तर बनी कापसाचे जे झाले तेच उरलेल्या वाणांचे होईल.

भाऊसाहेबांनी कर्जाला हात घातला, शाळा उघडल्या आणि शेतकऱ्यांची संघटना बांधली. त्यांच्या जयंतीला वऱ्हाडच्या गावांनी आपली नोंदवही उघडून, घरात अजून टिकलेल्या एखाद्या ज्वारीचे, तुरीचे किंवा कुटकीचे नाव ते राखणाऱ्या बाईच्या नावासह त्यात लिहिले, तर अकोल्याच्या विद्यापीठाला आणि अमरावतीच्या शाळांना पुढच्या कामाची यादी आपोआप मिळेल.